दुसऱ्या नंबरचा प्याला

मंडळी वाढली की प्रश्नही वाढतात, असं त्र्यंबकराव कमिटीच्या प्रत्येक सभेच्या सुरुवातीला म्हणत, आणि प्रश्न हा शब्द उच्चारताना मागच्या दाराकडे बघत. मागच्या दाराशी रविवारी नव्यानं येणारी माणसं सतरंजीवर बसत. चिमणाबाईला ते बघणं पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ती काही बोलली नव्हती, कारण सभेत मधे बोलायचं नाही अशी शिस्त होती. ही शिस्तही त्र्यंबकरावांचीच.

ही ख्रिस्ती मंडळी सुरू झाली तेव्हा प्रश्न नव्हते, कारण माणसंच नव्हती. रुळांपलीकडच्या वस्तीत चिमणाबाईच्या पत्र्याच्या खोपटात दहा-बारा जण घोंगड्यावर बसून गायचे आणि शेजारी भांडायला यायचे. तिचा नवरा पिराजी पैलवान होता. त्याचा आवाज असा होता, की भांडायला आलेले दोघेतिघे तो गातोय काय ते बघायला आत आले आणि तिथंच राहिले. कोल्हापुरात सुवार्ता अशीही पसरली, पण मिशनच्या वार्षिक अहवालात हे कुणी लिहिलं नाही.

प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं एकत्र रस प्यायला, प्याला पाहिजे होता. मिशनच्या मडमेनं अमेरिकेला पत्र टाकते म्हणून सांगितलं. ते पत्र बहुधा अजून वाटेत असेल. तेव्हा पिराजीनं कागलच्या उरुसात कुस्तीला मिळालेला कप आणून टेबलावर ठेवला. जर्मन सिल्व्हरचा, दोन कानांचा, पोटावर दोन पैलवान एकमेकांना भिडलेले आणि खाली कोरलेलं: दुसरा नंबर. मडम जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, चालेल. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खी मंडळी त्या कपातून पीत आली. आदल्या दिवशी काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे, हे काम चिमणाबाईचं. पिराजी गेला त्या आठवड्यातही तिनं मनुके चुकवले नव्हते.

मग मंडळी खरंच वाढली. खोपटाची शेड झाली, शेडचं दगडी मंदिर झालं, मंदिरात बाकं आली, बाकांवर पंखे आले, आणि पंख्यांखाली शहरातले जुने, शिकलेले ख्रिस्ती आले. शिक्षक आले, कारकून आले, एक स्टेशनमास्तर आला. निवृत्त हेडमास्तर त्र्यंबकराव त्यांतलेच. त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते. ब्राह्मणाचं ते अशुद्ध, मूर्तिपूजक जिणं आजोबांनी कसं झुगारून दिलं, हे ते दर दोन महिन्यांनी उपासनेत उभं राहून साक्ष म्हणून सांगत, आणि सांगताना ब्राह्मण हा शब्द इतक्या लाडानं उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, आजोबांनी झुगारलं ते नातवानं वेचून घरी नेलं. चिमणाबाई नि पिराजी गावकुसाबाहेरच्या कुठल्या वाड्यातून आले ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिचे केस पांढरे झाले होते, ती पहिल्या बाकावर बसत होती, सगळे तिला आक्का म्हणत होते, आणि तिच्या हातचा रस पीत होते. तिला वाटलं, मिटलं ते.

गेली तीन वर्षं ती नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या चाळीत जात होती. गुंडू आणि त्याची बायको शालूबाई यांच्या घरापासून सुरुवात झाली, आणि यंदाच्या ईस्टरला त्या चाळीतली बारा घरं बाप्तिस्मा घ्यायला तयार झाली. गुंडूकडे टोपलीच्या संडासांचं काम होतं. त्र्यंबकरावांच्या घरामागची गल्ली त्याच्याकडेच. रोज पहाटे तो ती साफ करी, आणि गेल्या तीन वर्षांत त्र्यंबकरावांनी त्याला एकदाही पाहिलेलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे.

बाप्तिस्म्याला कुणाची हरकत नव्हती. उलट आनंदच झाला. एका दिवसात बारा घरं, म्हणजे चर्च-कौन्सिलच्या अहवालात मंडळीचं नाव वर जाणार. पाळकसाहेब अंबादास, पुण्याहून शिकून आलेले, बारीक आवाजाचे, अजून कायम न झालेले, तेही खूश होते. त्यांना कायम करणं कमिटीच्या हातात होतं, त्यामुळे कमिटी खूश असली की ते खूश असतच.

फक्त बाप्तिस्म्यामागोमाग त्याच उपासनेत प्रभुभोजन होतं. आणि त्याच महिन्यात कमिटीला जंतूंचा शोध लागला.

आणीबाणीचे दिवस होते. भिंतीभिंतींवर शिस्त नि स्वच्छता लिहिलेली. त्र्यंबकरावांनी सभेत साथीच्या रोगांवर अर्धा तास भाषण केलं. एका प्याल्याला इतके ओठ लागणं शास्त्राला धरून नाही, म्हणाले. पवित्र शास्त्राला नव्हे, विज्ञानाला. तेव्हा यापुढे प्रत्येकाला लहान स्टीलचा वेगळा पेला. पिराजींचा कप हा तर आपला ऐतिहासिक ठेवा, तो काचेच्या कपाटात कुलपात राहील, म्हणजे त्याचा मान राहील. टाळ्या झाल्या. चिमणाबाई शिस्त मोडून उठली.

"इतकी वर्सं आपण एका कपातनं पितोय," ती म्हणाली. "कोण मेलं?"

"चिमणाबाई, प्रश्न भावनेचा नाही, आरोग्याचा आहे. आता मंडळी वाढलीय."

"मंडळी वाढलीय म्हंजे गुंडू आलाय. तेवढं बोला की सरळ."

सभेत कुणीतरी खोकलं. त्र्यंबकराव हसले, हेडमास्तर नापास मुलाच्या बापाकडे बघून हसतात तसे, आणि म्हणाले की असा विचार आमच्या मनालाही शिवला नाही. शिवणे हाच शब्द त्यांनी वापरला. मग पाळकसाहेबांनी समाप्तीची प्रार्थना केली, जरा लवकरच.

चिमणाबाई घरी गेली आणि तिनं स्वतःलाच समजावलं. असेल बाबा आरोग्याचं. शिकलेली माणसं हायत. कपात काय, पेल्यात काय, रस तर तोच.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी तिला पेले धुऊन मांडायला बोलावलं. मंदिरामागच्या खोलीत दोन मोठी ताटं होती, क्रोशाच्या रुमालांनी झाकलेली. तिनं पहिला रुमाल काढला, एक पेला उचलला, आणि तिथंच कमिटीच्या आरोग्याचा निकाल लागला.

पेल्यावर नाव घातलेलं होतं.

आपल्या माणसाला नवं भांडं हातात आलं, की त्यावर नाव घातल्याशिवाय झोप येत नाही. लग्नातल्या पातेल्यावर, बारशाच्या वाटीवर, तसंच ते प्रभुभोजनाच्या पेल्यावरही घातलं होतं. घराघरानं आपापले पेले आणले होते, आणि भांडीवाल्यानं ठोके देऊन ठिपक्याठिपक्यांची नावं उठवली होती. त्र्यंबकराव व परिवार. स्टेशनमास्तरांच्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ. कुटुंबाचा पेला कुटुंबाला, जशी खाणावळीत ज्याची त्याची वाटी. दुसऱ्या ताटातले पेले कोरे होते. एकाही पेल्यावर एक अक्षर नाही. आणि दोन्ही ताटांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्या दुसऱ्या ताटाच्या काठाला लाल रंगाचा ठिपका लावला होता.

"ह्ये कुणाचं?" तिनं विचारलं.

पाळकसाहेब म्हणाले की ते नव्या लोकांचं. त्यांना नावं घालायचं कळवायला वेळ मिळाला नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे ते म्हणाले, आणि मग तिला बरं वाटावं म्हणून पहिल्या ताटातला एक पेला काढून दाखवला. कमिटीनं तो तिला मुद्दाम भेट दिला होता. त्यावर लिहिलं होतं: श्रीमती चिमणाबाई पिराजी, आद्य सभासद.

रात्रशाळेत वयाच्या तिशीत ती वाचायला शिकली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा पश्चात्ताप झाला. तिला वर घेतलं होतं. पहिल्या ताटात. इतकी वर्षं तिच्या हातचं प्यालेल्या माणसांनी तिला स्टीलमध्ये ठोकून प्रमाणपत्र दिलं होतं, की बाई, तू आता मागच्या दाराशी बसणाऱ्यांतली नाहीस. आणि बदल्यात तिनं फक्त एवढंच करायचं होतं, की लाल ठिपक्याचं ताट मागच्या दाराकडे न्यायचं. कारण ते ताट न्यायला दुसरं कोण जाणार होतं?

ती इतकंच म्हणाली, पाळकसाहेब, सणाचा दिवस हाय, कपाटातला कप काळा पडलाय, रांगोळीनं घासते, किल्ली द्या. पाळकसाहेबांनी किल्ली दिली. ही इतक्यात निवळली याचंच त्यांना मोठं हायसं वाटलं.

ईस्टरच्या सकाळी मंदिर भरून गेलं. बारा घरांचे बाप्तिस्मे झाले. शालूबाईनं नवं पातळ नेसलं होतं. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती रडली, आणि गुंडू हात कुठं ठेवावेत ते न कळून छातीशी घट्ट धरून उभा राहिला. मंडळीनं त्यांच्यासाठी गीत म्हटलं, सगळी कडवी. मग ते मागच्या दाराशी आपल्या जागी जाऊ लागले, तेव्हा पहिल्या बाकावरून उठून चिमणाबाईही त्यांच्यात जाऊन सतरंजीवर बसली.

पाळकसाहेबांनी भोजनाचे नेहमीचे शब्द म्हटले आणि पहिला रुमाल उचलला. पेले चकचकीत होते, आणि कोरडे ठणठणीत. दुसरा रुमाल उचलला. तेही कोरडे. दोन्ही ताटांच्या मधे, फुलदाणीच्या आड, पिराजीचा कप उभा होता, काठोकाठ भरलेला, पोटावरचे दोन पैलवान आदल्या रात्रीच्या घासण्यानं लखलखत होते.

पाळकसाहेबांनी मागच्या दाराकडे बघितलं. चिमणाबाईनं होकारार्थी मान हलवली. सणाची एवढी मोठी मंडळी समोर, आणि रस एकाच भांड्यात. त्यांनी कप उचलला, दुसरं ते करणार काय होते, आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या बाकाकडे वळले. तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला, मोठा नव्हता, पण पिराजीच्या बायकोचा होता.

"आज ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, त्यास्नी आधी."

गुंडूनं कप दोन्ही कानांनी धरला आणि घोट घेतला. शालूबाई प्याली. बारा घरं प्याली. चिमणाबाई प्याली. मग ती स्वतः कप घेऊन पहिल्या बाकाशी गेली.

त्र्यंबकरावांना सर्दी झाली होती. इतरांना संसर्ग नको, म्हणून त्यांनी हात जोडले. त्यांच्या शेजाऱ्यालाही सर्दी झाली होती. स्टेशनमास्तरांचा उपास निघाला, ईस्टरला. पाचव्या बाकापर्यंत अशी साथ पसरली, की त्र्यंबकरावांचं जंतूंवरचं भाषण अक्षरशः खरं ठरलं. मागच्या बाकांवरची पाचसहा माणसं तेवढी प्याली, तीही खाली बघत.

रस उरला. उरलेला रस टाकायचा नाही, तिथंच संपवायचा, ही मंडळीची रीत होती. आणि आशीर्वाद झाल्याशिवाय जागेवरून कुणी उठायचं नाही, ही शिस्त होती, त्र्यंबकरावांनी घालून दिलेली. तेव्हा सगळी बाकं बसून राहिली आणि बघत राहिली, आणि कप सतरंजीवर पुन्हा हातोहात फिरू लागला.

"आक्का," शालूबाई कुजबुजली, "येवढं सगळं आमालाच?"

"व्हय. प्या. आज मंडळी येवढीच हाय."

पाळकसाहेबांना ते सहन होईना. त्यांनी घाईघाईनं आशीर्वादासाठी दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा चिमणाबाई समोर उभी होती. कपाच्या तळाशी एक घोट होता.

"थांबा, पाळकसाहेब," ती म्हणाली. "तुमचं ऱ्हायलंय."

पाळकसाहेबांनी बाकांकडे बघितलं. पहिल्या बाकावर त्यांना कायम करणारी कमिटी बसली होती, आणि बघत होती. चिमणाबाई कप धरून उभीच राहिली; तिला कसलीही घाई नव्हती. आशीर्वादाला वर गेलेले ते हात खाली यायला बराच वेळ लागला, पण आले, आणि कपाच्या दोन्ही कानांना लागले.