हुकावरचा भोपळा

मित्रांनो, नाक धरलंत तरी चालेल, पण जरा जवळ या. मी एक जुना तरंगता स्विच आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या अगदी पहिल्या विहिरीत माझा मुक्काम असतो. गावातल्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं आणि ज्या खोलीचं नाव पाहुण्यांसमोर घेत नाहीत त्या खोलीचंही पाणी आधी माझ्याकडे येतं. मग पंप ते उचलून पुढच्या टाक्यांत पाठवतो. त्यामुळे गावात कोण किती ऐटीत राहतो, याचं मला फारसं अप्रूप वाटत नाही.

माझा रंग पिवळा, आकार भोपळ्यासारखा. डोक्याला एक लांब काळी वायर आणि पोटात एक पोलादी गोळी, एवढाच माझा संसार. पाणी चढलं की मी तरंगत उलटा होतो, गोळी घरंगळते आणि पंप सुरू होतो. पाणी उतरलं की मी पुन्हा सुलटा लोंबकळतो आणि पंप गप्प बसतो. म्हणजे मला जन्मात दोनच शब्द बोलता येतात, 'हो' आणि 'नाही'. पण ते मी कधी खोटे बोललो नाही. कारखान्यात माझी परीक्षाही सोपी होती. मला बादलीत बुडवलं, मी वर आलो, पास झालो. तुमच्या परीक्षा यापेक्षा अवघड असतात असं ऐकून आहे.

मला विहिरीत पहिल्यांदा सोडलं ते इथल्या वायरमनने. "चल भोपळ्या, लाग कामाला," असं म्हणून त्याने मला थोपटलं आणि तेच माझं नाव पडलं. पाण्याबरोबर येणाऱ्या चिंध्या आणि केस माझ्या गळ्यात अडकत. तो मला वर ओढून ते काढायचा आणि काढता काढता घरच्या सगळ्या गोष्टी सांगायचा. मी मध्ये बोलत नाही, म्हणून माझ्यापाशी त्याचं मन मोकळं व्हायचं.

या केंद्रात दोन जमाती आहेत. एक वायरमनची, दुसरी मोजमापाची यंत्रं बघणाऱ्या मीटरवाल्याची. काही बंद पडलं की दुरुस्तीआधी बिघाड कुणाचा हे ठरवायचं, असा इथला रिवाज. "वीज पोचतेय? मग बिघाड तुझा," वायरमन म्हणतो. "मीटर आकडा दाखवतंय? मग तुझा," मीटरवाला म्हणतो. त्यात चहा थंड होतो, दुसरा मागवला जातो. मी विजेचाही आणि मोजमापाचाही. त्यामुळे माझं कौतुक झालं की मी दोघांचा, आणि अडकलो की कुणाचाच नाही.

आता वायरमनच्या सासूबाईंची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. त्यांचे गुडघे दुखायचे, जिने चढवत नव्हते. म्हणून जावयाने त्यांना केंद्राच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली मिळवून दिली. ती गल्ली गावात सगळ्यात खोलगट. विहीर तुंबली तर पाणी उलटं फिरून आधी त्यांच्याच मोरीतून वर येणार. सासूबाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं.

"जावईबापू, घाण पाणी घरात आलं तर?"

"आई, पंप माझ्या हातात आहे. थेंब येणार नाही," वायरमनने छाती ठोकून सांगितलं.

"ठीक आहे. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी बॅग घेऊन तुमच्याकडे. कायमची."

वायरमनचं घर दोन खोल्यांचं आणि आधीच भरलेलं. रात्री कुणी कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागते, असं तो मला सांगायचा. तेव्हापासून तो माझी फारच निगा राखू लागला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

मग विहिरीवर एक नवे पाहुणे आले. पांढरंशुभ्र मीटर, छताला उंच बसवलेलं. ते पाण्याला शिवतसुद्धा नाही. वरून आवाज सोडायचा, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं आणि पाणी किती खोल आहे ते ऑफिसातल्या स्क्रीनवर दाखवायचं. आता पंप त्या आकड्यावर चालू-बंद होऊ लागला. मला अडीअडचणीसाठी ठेवलं. मीटर चुकलं आणि पाणी फारच चढलं, तर मी 'हो' म्हणायचं, म्हणजे धोक्याची घंटाही वाजेल आणि पंपही लागेल. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, चला, पाण्यात तर आहोत.

तेही सुख टिकलं नाही. एकदा विहीर साफ करायची होती, म्हणून वायरमनने मला वर ओढलं आणि कठड्यावरच्या हुकाला टांगलं. "सफाई झाली की सोडतो हं, भोपळ्या." सफाई झाली, माणसं हात धुऊन गेली, वायरमनचाही आता स्क्रीनवरच भरवसा, आणि मी तिथेच राहिलो. आज सोडतील, उद्या सोडतील, असं म्हणत मी वाट पाहिली. माझ्या हुकावर आधी एक ओलं फडकं आलं, मग कुणाची तरी डब्याची पिशवी. माझ्या वायरीवर कोळ्याने घर केलं. जन्मभर चिखलात लोळलेला मी पार कोरडा झालो. स्वच्छ दिसत होतो, पण त्या स्वच्छतेचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

अशातच गावात एक नवी लॉन्ड्री उघडली आणि विहिरीत साबणाचा फेस येऊ लागला. एके दिवशी तर तो गादीसारखा जाड झाला. मीटरने वरून आवाज सोडला, तो फेसाने गिळला. परत काहीच येईना. आणि मीटरवाल्याने ते असं लावून ठेवलं होतं, की काही ऐकू आलं नाही तर शेवटचा बरा आकडाच दाखवत राहायचं. आधी मधूनच स्क्रीन कोरी व्हायची आणि साहेब ओरडायचे, म्हणून ही युक्ती.

"बघ, सकाळपासून आकडा हललेला नाही!" मीटरवाला खुशीत वायरमनला म्हणाला. "याला म्हणतात मीटर." साहेबांनीही येऊन शाबासकी दिली. तो अडकलेला आकडा कमी पाण्याचा होता, म्हणून पंप अर्थातच बंद होता. फेसाखाली पाणी चढत होतं आणि ते बघणारा मी एकटाच होतो. पण मला उलटं झाल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

वायरमनचा फोन वाजला. सासूबाई होत्या. "आई, मोरी गुडगुडतेय म्हणजे हवा असेल. स्क्रीनवर सगळं ठीक आहे." थोड्या वेळाने पुन्हा वाजला. "अहो आई, स्क्रीन समोर आहे माझ्या!"

तिसरा फोन आला नाही. सासूबाई स्वतः आल्या. हातात बॅग होती. ती बघून वायरमनचा चेहरा खर्रकन उतरला.

"आलं का पाणी?"

"मोरीच्या जाळीपर्यंत आलंय. उंबऱ्याला लागायच्या आत म्हटलं एकदा तुमची ती स्क्रीन बघून जावं."

वायरमन आणि हातातल्या चहासकट मीटरवाला धावत विहिरीपाशी आले, त्यांच्या मागोमाग सासूबाई. खाली फेस बघून दोघे सवयीने भांडायला लागले. "पंप का नाही लागला? तुझा पंप!" "आकडाच खोटा तर पंप काय करेल? तुझं मीटर!"

सासूबाईंची नजर माझ्यावर पडली. "हे काय टांगलंय?"

"तो स्विच आहे आई. पाणी चढलं की तो पाण्यात..." एवढं बोलून वायरमनने हुकाकडे पाहिलं.

"पाण्यातली वस्तू हुकावर?" असं म्हणत त्यांनी पिशवी बाजूला केली, कोळ्याला हाकललं आणि बाजारात भोपळा पारखावा तसं मला बुडाखालून बघण्यासाठी उलटं धरलं.

माझ्या पोटातली गोळी घरंगळली. मी इतक्या दिवसांचा साठलेला 'हो' एकदम म्हणालो! घंटा ठणाणली, पंप गरजला, मीटरवाल्याच्या हातातला चहा त्याच्याच बुटात गेला.

"आई, द्या इकडे. मी बटणावरून चालू ठेवतो," वायरमन म्हणाला.

"हात लावू नका. तुमच्यावर भरवसा ठेवून बघितला. पाणी उतरलेलं दिसेल तेव्हाच सोडीन."

आणि मित्रांनो, त्यांनी मला खरंच सोडलं नाही. एक हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. दोघे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे खाली मान घालून उभे. फेस बसत गेला, भिंतीवर पाण्याची ओली रेघ दिसू लागली, तसा सासूबाईंचा आवाजही खाली आला.

"मी दोनदा फोन केला, जावईबापू. तुम्हाला स्क्रीन खरी वाटली, मी नाही. खोली मिळवून दिलीत आणि म्हातारीचं झालं म्हणून विसरलात. या भोपळ्यासारखं मलाही टांगून ठेवलंत की."

वायरमनचे डोळे भरले. त्याने माझी वायर हुकावरून सोडवली आणि मला हळूच खाली सोडलं. त्या काळ्या, घाणेरड्या पाण्यात बूड टेकलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वर तो म्हणत होता, "आई, चला घरी. आमच्याकडेच."

"तुमच्याकडे नको. कूस बदलायला जागा नाही तिथे. बॅग तेवढी उचला आणि मला घरी सोडा. चहा पिऊन जा."

आता मीटरवाल्याने मीटरची ती युक्ती बदलली आहे. ऐकू आलं नाही की ते लपवत नाही, बोंब मारतं. वायरमन दर आठवड्याला येतो, मला वर ओढतो, उलटा करतो, पंप गरजला की खाली सोडतो. मग मागच्या फाटकातून सासूबाईंकडे जातो. तिथून परतताना त्याच्या अंगाला चहाचा वास असतो आणि तो मला त्यांच्या नवनव्या तक्रारी सांगतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असं हुकावर टांगलेलं असेल. आता काही काम नाही, ठीकच असेल, असं समजून विसरलेलं. जाता-येता एकदा उलटसुलट करून बघत जा. फक्त माणूस असेल तर उलटं करू नका. शेजारी बसा आणि विचारा, "मोरी गुडगुडतेय का?"