परत आलेली पाळी

शिवणकारखान्याच्या जेवणघरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर उभी राहून माझी थोरली बहीण, ताई, सांगत होती की कैक वर्षांपूर्वी थांबलेली आपली पाळी जडीबुटी देणाऱ्या एका बाबांच्या मुळीने परत आली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांचं बोलणं लोण्यासारखं. "जुन्या झाडाला पालवी फुटते, मग बाईनेच काय घोडं मारलंय?" जिला गुण आला नाही तिची श्रद्धा कमी पडली, असं ते हसत सांगत. म्हणजे मुळी कधी चुकायचीच नाही.

ताईची एकुलती लेक तापाने गेली होती. तिला पुन्हा मूल हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. मी रोजचा नेम न चुकवणारी, देवावर भार टाकून जगणारी. पण ते रक्त मला बरं वाटेना. डॉक्टरकडे चल म्हटलं की ती म्हणे, "तुझा देव खरा, आणि माझाच खोटा होय गं?"

एक दिवस ती मशीनवरच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, मुळीची पूडही पाहिली. काही झाडांतली द्रव्यं शरीरातल्या हार्मोनचं सोंग घेतात, त्या म्हणाल्या. समतोल थोडाफार हलवतात, पण संपलेली स्त्रीबीजं परत आणत नाहीत. पाळी जायच्या वयात कित्येकींची ती मध्येच थांबते आणि आपोआप परतते. बाबा नेमक्या त्यांनाच टेबलावर चढवतात, हे मला तेव्हा उमगलं.

"आणि माझी?" ताईने विचारलं.

"तुमची ही पाळी नव्हेच. गर्भाशयात कॅन्सरची गाठ आहे, तिचं रक्त ते. मुळीने गाठ वाढवली का, हे मी सांगू शकत नाही. पण पहिल्यांदा दिसलं तेव्हाच यायला हवं होतं. आता पसरलीय."

ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "पोट जड लागत होतं गं. दृष्ट लागेल म्हणून कुणाला बोलले नाही."

कारखान्यात जाऊन मी सगळं सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. तुमच्या ताईंनी मुळी मध्येच सोडली असेल, एकजण म्हणाली. बाबाही तेच म्हणाले म्हणे.

म्हणून हे लिहिते आहे. कोण मनावर घेईल, ठाऊक नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याला प्रसाद समजू नका. देवाला हात जरूर जोडा, आणि त्याच पावली डॉक्टरकडे जा. ताई बरी व्हावी, असं मी आता मागत नाही. तिचा आजचा दिवस दुखण्याशिवाय जावा, एवढंच मागते.