साडेसाताचा बसवंत

"विजू, आवाज वाढव की. त्यो बोलाय लागलाय."

त्यो म्हणजे मालिकेतला बसवंत. साडेसात वाजले की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत घराघरांतून ते एकच शीर्षकगीत ऐकू येतं. सीमाभागातलं घराणं, मराठी-कन्नड वाद, पिढ्यांचं वैर, आणि मेंढरांमागं जाणाऱ्या बायकांच्या अंगावर रोज नवी पैठणी. मी पिको-फॉलचा धंदा करते, त्यामुळे ती पैठणी माझ्या डोळ्यांत खुपते. तरी एक भाग चुकवला नाही, कारण ती गोष्ट आमच्या मायाक्का मावशींच्या माहेरची होती.

मावशींनी दवाखान्यात आयाबाई म्हणून जन्म काढला. नवरा शरणबसव मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहायचा. मूलबाळ नाही. तो गेल्यापासून माझ्या शेजारच्या खोलीत त्या, एक टीव्ही आणि देव्हाऱ्यातला बिरुदेव.

माहेर दुधनीजवळ, सासर हद्दीपलीकडं. सोयरीक झाली तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. देव एक, जात एक, आणि दोन्ही घरांत दोन्ही भाषा. पुढं वाद पेटला. एका बाजाराच्या दिवशी कसल्याशा पाटीवरून दगडफेक झाली आणि मावशींचा धाकटा भाऊ धनाजी याच्या डोक्यात दगड बसला. मेव्हण्याला पाठीवर घेऊन शरणबसव गाडीपर्यंत पळत सुटला. सोलापूर यायच्या आधीच धनाजी गेला.

"लोकांनी मालकांच्या सदऱ्यावरचं रगत बघितलं," मावशी सांगायच्या. "पाठीवर कोन हुतं, ते न्हाय बघितलं."

तेव्हापासून माहेरहून मूळ आलं नाही. जत्रेला लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. न बोलावता गेलेली लेक म्हणजे दारातली पाहुणी, आणि मावशी मानी बाई. वर्षं गेली, भावजय गेली, तरी या दर जत्रेला आठ दिवस आधी घर सारवल्यासारखं पुसून काढायच्या.

गेल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर धनाजीचा मुलगा ऋतुराज दारात उभा राहिला. बाप गेला तेव्हा हा पाळण्यात. आता पुण्यात मालिका लिहितो. वाकून पाया पडला, "आत्या" म्हणाला. तो चहा पितोय तोवर यांनी ट्रंक उघडून दोन लुगडी, भंडाऱ्याची पुडी आणि नैवेद्याचा डबा पिशवीत भरला, पिशवी दाराशी ठेवली आणि म्हणाल्या, "चल बाळा. कोनत्या गाडीनं जायाचं?"

तो कप हातात धरून बघतच राहिला. तो मूळ म्हणून आला नव्हता, मालिकेसाठी गोष्ट विचारायला आला होता. मला तर वाटलं धरणी दुभंगावी. पण मावशींनी पदर सावरला, खाली बसल्या आणि दुपारभर त्याला सगळं सांगितलं. पोरगा रडलासुद्धा. पिशवी मात्र दाराशीच राहिली.

"टीव्हीवर दिसलं की गाव बघंल," त्या मला म्हणाल्या. "मालकांच्या नावावरचा डाग जाईल. मग मूळ येतंय बघ."

म्हणून त्या आवाज वाढवायला सांगत होत्या. बाजाराच्या दिवसाचा भाग होता. गल्लीतल्या चार बायका जमल्या होत्या, मावशींनी सगळ्यांना शेंगापोळी वाढली होती. पडद्यावर गर्दी झाली, आरडाओरडा झाला. बसवंतनं, म्हणजे मालिकेतल्या शरणबसवनं, इकडं तिकडं बघितलं, वाकला आणि दगड उचलला. दगड मारताना तीन बाजूंनी तीनदा दाखवला मेल्यांनी.

शेजारची रंभाबाई "दूध वर आलं असंल" म्हणून उठली, तिच्यामागं बाकीच्या. मावशींनी मला फोन लावायला सांगितला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"आत्या, मी तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं," ऋतुराज घाईघाईनं बोलायला लागला. "वरच्यांनी बदललं. दगड कुणाचा ते दाखवलं नाही तर लोक बघत नाहीत म्हणाले."

"त्ये जाऊ दे. तुज्या बापाला मालकांनी मारलं, आसं तुला वाटतंय व्हय रं?"

"नाही, आत्या."

"मग गावात सांगशील?"

तो म्हणाला, "गावात लई तापलंय या मालिकेनं. यंदा जत्रेला तुमचं नाव नको काढायला. पुढं बघू."

माझ्या तोंडात इतकं आलं होतं की त्याच्या सात पिढ्या जेवल्या नसत्या. मी फोनकडं हात केला. मावशींनी तो छातीशी ओढला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही लुगडी घडी करून ट्रंकेत गेली. बायका यायच्या बंद झाल्या. रंभाबाई तर नळावर म्हणाली, आगीशिवाय धूर निघत नसतो. मी तिचं पिको परत पाठवलं.

मला वाटलं, आता हा टीव्ही बंद. पण साडेसाताला आतून गाणं ऐकू आलं. मी तरातरा गेले.

"कशाला जीव जाळून घेताय मावशी? बंद करते."

"ऱ्हाऊ दे. मिशी बघ. तशीच हाय. चालतोय बी तसाच, हमालावानी." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "वंगाळ का दाखवंनात, रोज दिसतोय तरी."

मीही रोज जाऊन बसायला लागले.

मग एके दिवशी शेवटी पुढच्या भागाची झलक दाखवली. उद्या बसवंत मरणार होता.

"सुटलो एकदाचे," मी म्हणाले.

मावशी वात वळत होत्या. "खरा गेला तवा मी रातपाळीला हुते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या सासऱ्याला चमच्यानं पानी पाजत. सकाळी येऊन बघतीया तर हितं ह्यो गार पडलेला. मी हितंच हाय, एवढं बी त्येला म्हनायचं ऱ्हायलं बघ."

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी जत्रेसाठी काढलेल्यातलं एक लुगडं नेसलं होतं. जवळ पाण्याचा तांब्या होता. पडद्यावर बसवंत माळावर पडला होता. गाव लांब उभं होतं आणि त्याच्या मालिकेतल्या बायकोनं तोंड फिरवलं होतं. त्याचं डोकं पडद्याच्या डाव्या कडेला आलं तशा मावशी उठल्या, पाट सरकवत टीव्हीच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.

"ना इल्ले अदीनि," त्या हळूच म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांचं कन्नड मी पहिल्यांदा ऐकलं. मला ती भाषा येत नाही. तेवढं मात्र समजलं; म्हणायचं राहिलेलं तेच होतं ते.

मग जाहिरात लागली. मावशी तिथून उठल्या नाहीत.