वरचं बटण

शनिवारी सकाळी नेरेइदा न्याहारीच्या मांगूसाठी, उकडून कुस्करायला, हिरवी केळी सोलत होती, तेव्हा ओसरीवरून पापांची हाक आली. तक्रार कशाबद्दल आहे हे तिला हाक संपायच्या आधीच कळलं.

"पोरी, हे तुझं यंत्र पुन्हा बिघडलं बघ."

"माझं नाही, पापा. विल्टननं पाठवलेलं."

"तेच ते."

ती हात पुसत बाहेर आली. तिचे वडील, तुलियो, डुलत्या खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशात फोन, खिशाचं बटण घट्ट लावलेलं आणि तिथून निघून दोन्ही कानांत गेलेली पांढरी वायर. धाकट्या विल्टनने न्यूयॉर्कहून नाताळात पाठवलेल्या निळ्या पिंपातून हा हेडफोन आला होता. तांदूळ, साबणाच्या वड्या, तेलाच्या बाटल्या, जुने बूट आणि एका मोज्यात गुंडाळलेला हा. तेव्हापासून तो पापांच्या कानातून निघत नव्हता. बेसबॉल त्यावर, बातम्या त्यावर आणि विल्टनचा फोनही त्यावरच.

नेरेइदाचा सगळा दिवस याच कामात जायचा. सांतियागो शहराच्या टोकाला असलेल्या एका कॉल सेंटरमध्ये तिची नोकरी होती, आणि तिथे तिचं नाव नॅन्सी होतं. सकाळपासून उत्तरेकडची, अमेरिकेतली माणसं फोनवर वैतागून बोलत. एका कानात ऐकू येत नाही, बटण दाबलं की गाणंच थांबतं, आवाज वाढता वाढत नाही. नॅन्सी शांतपणे विचारायची. पिन पूर्ण आत गेली आहे का? काढून बघा, भोकात खिशातला कचरा बसलाय का? आता फोनच्या कडेच्या बटणाने आवाज वाढतो का? वाढतो ना, मग फोन ठीक आहे. शेवटी ती माणसं नॅन्सीचे आभार मानायची. घरी तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"पापा, किती वेळा सांगू? हा दुसऱ्या कंपनीच्या फोनसाठी बनवलाय. मधलं बटण तुमच्या फोनला कळतं. आवाज वाढवायचं वरचं बटण कळत नाही. त्याला वाटतं तुम्ही मधलंच दाबलंत. म्हणून फोन कट होतो."

"मग वरचं बटण दिलंय कशाला? शोभेला?"

"आवाज वाढवायचा तर फोनच्या कडेचं बटण दाबा."

"फोन खिशात आहे."

"मग खिसा उघडा."

"आणि पाडू? अमेरिकेचा माल आहे हा, बाई. तिकडं असली अर्धवट कामं करत नाहीत. तुझ्या त्या बाजारातल्या टपरीसारखं नाही ते."

टपरीवरचा म्हणजे तिने स्वतः आणलेला दुसरा हेडफोन. त्याची तिन्ही बटणं पापांच्या फोनवर चालत होती. तिने लावून, तपासून तो पुन्हा पाकिटात ठेवला होता आणि पाकीट टेबलाच्या खणात तसंच पडून होतं. ती आत गेली आणि केळी सोलू लागली.

संध्याकाळी विल्टनचा फोन आला. नेरेइदा आतल्या टेबलाशी वाचत होती. पुस्तकावर डोळे ठेवून कान ओसरीवर ठेवायची तिला फार वर्षांची सवय होती.

"बोल रे पोरा," पापा म्हणाले. त्यांचा आवाज विल्टनसाठी वेगळा असायचा, आंघोळ करून आल्यासारखा. "काय? जरा मोठ्यानं..." आणि त्यांचा अंगठा वायर चाचपत वर गेला.

मग शांतता.

"गेला," पापा वायरीकडे बघत म्हणाले. "कामावर असेल अजून. साहेब आला असेल मागून."

"तुम्हीच कापलात, पापा."

"मी कशाला कापीन? तो काय म्हणाला तेसुद्धा मला ऐकू आलं नाही."

"मग लावा त्याला परत."

"बापानं लावायचा?"

पूर्वी विल्टन लगेच पुन्हा फोन करायचा. मग दुसऱ्या दिवशी करू लागला. हल्ली नुसताच शनिवारी. पापा फोनकडे थोडा वेळ बघत बसले, मग त्यांनी हेडफोन काढून गळ्यात टाकला. फाटकासमोरून शेजारच्या कासिल्दाकाकू जात होत्या, त्या थांबल्या.

"नेरेइदा दिसली नाही आज?"

"वाचतेय. आमच्या नेरेइदाच्या हातात पुस्तक दिलं की झालं. विल्टनला बाहेर जायची हौस. हिला कधीच नव्हती. हिला इथंच बरं वाटतं."

नेरेइदाने पान उलटलं.

हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भांडी घासत होती. न्यूयॉर्कची आत्या दोघांतल्या एकालाच बोलावू शकणार होती. कागद एकाचेच होणार होते. पापांनी जेवणाच्या टेबलाशी ठरवून टाकलं, "विल्टन जाईल. नेरेइदाला इथंच बरं वाटतं." तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या पर्समध्ये, आरशाच्या कप्प्यात, पासपोर्टसाठी काढून आणलेले फोटो होते. तिने शेवटची बशी विसळून पालथी घातली आणि आईला विचारलं, उद्यासाठी राजमा भिजत घालायचा का. आई गेली, नेरेइदाचे केस पांढरे झाले, ते वाक्य मात्र पापांच्या तोंडी तसंच राहिलं. आळीतले लोकही तेच म्हणू लागले. पुढे पुढे तीही असं वागू लागली, जणू ते खरंच आहे.

रविवारी सकाळी पाव आणायला निघताना ती सवयीने म्हणाली, "आशीर्वाद, पापा." पापाही सवयीनेच, मान न वळवता म्हणाले, "देव तुझं भलं करो." ती परत आली तेव्हा खुर्ची डुलत नव्हती. पापांची मान एका बाजूला कलली होती. कानातल्या हेडफोनमधून कुणीतरी आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलत होतं, मुंगीएवढ्या आवाजात. तिने पावाची पिशवी खाली ठेवली आणि आधी तो आवाज बंद केला. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

विल्टन दफनाला पोचला नाही. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आला. अंगात कोरा काळा शर्ट, त्याच्या घड्या अजून दिसत होत्या. दुपारभर ओसरीवर भाड्याच्या खुर्च्यांवर बायका बसल्या, माळा जपल्या, आल्याची कॉफी आणि बिस्किटं झाली. प्रार्थना संपून लोक पांगले तेव्हा ऊन अजून फाटकावर होतं. पापांची खुर्ची मधोमध रिकामी होती. त्यात बसायचं धाडस कुणी केलं नव्हतं. विल्टन तिच्यासमोर बसला होता, आणि खुर्चीच्या हातावर अडकवलेला हेडफोन बोटांनी चाचपत होता.

"वापरत होते तरी का हा?"

"वापरत होते," नेरेइदा म्हणाली. ती कप गोळा करत होती.

"माझ्याशी बोलायला सोडून."

कासिल्दाकाकू बिस्किटांचा डबा बंद करत होत्या. "असं बोलू नये रे."

"खरं ते बोलतोय, काकू. वर्षभर माझा फोन कापत होते पापा. मी म्हणायचो, आशीर्वाद, पापा. झालं, कट. एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. शेवटच्या शनिवारीही नाही."

"दोन नाताळ तू आला नाहीस. म्हाताऱ्यानं काय पायघड्या घालायच्या?"

"सुटी मिळाली नाही."

"पिंपाला बरी मिळाली."

विल्टनने हेडफोन सोडला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "तुला आशीर्वाद रोज मिळायचा. सकाळी उठून नुसतं म्हटलं की मिळायचा."

नेरेइदाच्या हातात एकात एक घातलेले कप होते. तिला वाटलं, राहू दे. जाऊ दे याला हेच घेऊन परत. माझ्या वाट्याला काय आलं ते मी इथं सांभाळलं, याच्या वाट्याचं यानं तिकडं सांभाळावं. क्षणभर तो विचार तिला गोडच लागला, आणि लागला म्हणून तिला स्वतःची किळस आली.

"त्यांनी तुझा फोन कापला नाही," ती म्हणाली.

"मला माहितीये कापला ते."

"तुझा फोन काढ. पापांना लाव."

"नेरेइदा."

"लाव म्हणते ना. आणि फाटकापाशी जा, इथं दोन्ही फोन जवळ आले की आवाज घुमतो." तिचा आवाज नॅन्सीचा झाला होता, सपाट आणि धीराचा. कासिल्दाकाकूंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि डबा घेऊन त्या आत गेल्या.

विल्टन फाटकाशी गेला. नेरेइदाने पापांचा फोन आणला, हेडफोनची पिन शर्टाच्या टोकाला पुसली, पूर्ण आत बसेपर्यंत दाबली, वायरीची दोन्ही बोंडं कानांत घातली. मग ती पापांच्या खुर्चीत बसली. खुर्ची थोडी मागे गेली आणि पुढे आली.

फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, विल्टन न्यूयॉर्क. तिने मधलं बटण दाबलं.

"हं. बोल."

"काय बोलू?" तो समोर फाटकाशी पाठमोरा उभा होता आणि तिच्या कानात बोलत होता.

"पापांशी जे बोलायचास ते."

"आशीर्वाद, पापा."

तिने अंगठा वर सरकवला आणि वरचं बटण दाबलं. फोन कट झाला. विल्टनने मोबाईल कानापासून दूर धरून पडद्याकडे पाहिलं आणि मग मागे वळून तिच्याकडे.

"आवाज वाढवला मी," ती ओसरीवरूनच म्हणाली. "या हेडफोनची बटणं त्यांच्या फोनला जुळत नाहीत. ते हेच करायचे. तुझा शब्द कानात पडला की पहिल्यांदा हे बटण."

"दरवेळी?"

"दरवेळी. तुझा आवाज त्यांना पुरायचा नाही."

विल्टनने फाटकाची सळई धरली. पिंपातल्या त्या मोज्यात हेडफोन कुणी गुंडाळला होता, हे त्याला आठवत असावं. त्याने विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. मार्चमध्ये. बोलून पाठवलं होतं."

तो फोनवरचे जुने निरोप वर वर सरकवत गेला. औषधांची नावं, डॉक्टरांची वेळ, विजेचं बिल. मग थांबला. तिच्या त्या निरोपाशेजारचं माइकचं चिन्ह अजून राखाडी होतं. ऐकला असता तर ते निळं झालं असतं. जवळ न जाताही तिला ते माहीत होतं. उन्हाळाभर तिने ते पाहिलं होतं.

"हा लांब होता," विल्टन म्हणाला. "वाटलं, नंतर ऐकू."

"हो."

"पापांना सांगायचंस."

"त्यांना रोज सांगत होते. अमेरिकेचा माल चुकीचा असू शकत नाही म्हणाले. माझा खणात आहे. चालणारा."

आत कासिल्दाकाकू कप विसळत होत्या, त्याचा आवाज येत होता. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. विल्टन पुन्हा पाठमोरा झाला, आणि तिच्या मांडीवरचा फोन पुन्हा वाजला. विल्टन न्यूयॉर्क. आता दाखवायचं काही उरलं नव्हतं. त्याला फक्त ते पुन्हा व्हायला हवं होतं. पापांनी त्याचा आवाज वाढवायला हवा होता, आणखी एकदा, आणि त्यानंतर कदाचित आणखी एकदा.

तिने मधलं बटण दाबलं.

"आशीर्वाद, पापा," विल्टन तिच्या कानात म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. तो थांबला. आता फोन कट होईल, याची तो वाट बघत होता. रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभा असलेला, चाळिशी ओलांडलेला तिचा धाकटा भाऊ, ज्याला आत्ता फक्त फोन कट झाल्याचा तो एक आवाज ऐकायचा होता.

नेरेइदाचा अंगठा वरच्या बटणावर होता. वापरून वापरून त्यावरची अधिकची खूण पुसट झाली होती. खालचं, आवाज कमी करायचं बटण नवंकोरं होतं. ते कुणी कधी दाबलंच नव्हतं.

तिने अंगठा काढला. बटणांच्या मागे माइकचं बारीक छिद्र होतं, ते तिने तोंडाजवळ धरलं. खुर्ची पायाने थांबवली.

"पापा," ती म्हणाली, "मलासुद्धा जायचं होतं."