बर्फाची आंघोळ

मी बर्फाची पेटी बोलते आहे. देह सागवानाचा, आतून जस्ताचा पत्रा. स्वराज्याला आठ वर्षे झाली तेव्हा विलायतेस परतणाऱ्या एका साहेबाच्या लिलावातून मधुकरने मला मुलुंडला आणले. उंबऱ्यातच त्याच्या वडिलांनी, भाऊंनी, मला गोमूत्राने धुतले. साहेब माझ्यात काय ठेवीत असे, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. असत्य बोलणे पाप आहे. गप्प बसण्याविषयी शास्त्राचे मत मला ठाऊक नाही.

भाऊंच्या स्वयंपाकघरात स्नानावाचून कोणास प्रवेश नसे. तोच नियम त्यांनी बर्फाला लावला. धाकू हमाल रोज सकाळी वखारीतून गोणपाटात गुंडाळलेली लादी डोक्यावरून आणी. अंगणात भाऊ तिच्यावर विहिरीच्या चार बादल्या ओतीत, पंच्याने पुशीत आणि मग स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवीत. लादी उशीएवढी येई, माझ्यापर्यंत नारळाएवढी पोचे.

"भाऊनू, आंघोळ घालतास तर उटणा पण लावा," धाकू म्हणे.

"तू लांब उभा राहा," भाऊ म्हणत.

दूध दुपारीच नासे. भाऊ त्याचा दोष मला देत.

अक्षय्य तृतीयेला नात उत्तरा हिचे भावी सासरे जेवायला येणार होते. त्यांनी श्रीखंड सांगितले होते आणि आंबट लागले तर ते पानावरून उठतात, अशी त्यांची ख्याती होती. आदल्या सकाळी उत्तराची आई रत्नप्रभा चक्क्याचे पातेले घेऊन दारात उभी राहिली. भाऊंनी बादली उचलली.

"मामंजी, आज बर्फाला आंघोळ नको."

"का?"

"वखारीपासून त्याच्या अंगावरचं पाणी थांबलेलं नाही. तो जन्मापासून ओलेत्यानेच आहे. त्याच्याइतकं सोवळं या घरात कोण आहे?"

भाऊ विचारात पडले. ते हट्टी होते, पण शास्त्राला फसवणारे नव्हते.

"खरं आहे. मग कोरड्या धोतराने मी त्याला शिवायचं कसं?"

असे म्हणून त्यांनी ती बादली स्वतःच्या डोक्यावर ओतली. लादी उचलू गेले, तर ती हलेना. अखंड बर्फ त्यांनी कधी उचललाच नव्हता.

धाकूच्या कपाळावरून, खांद्यावरून बर्फाचे पाणी निथळत होते. तो म्हणाला, "मी तर रोजचोच ओलो, भाऊनू."

भाऊंनी लादीचे एक टोक धरले.

"ये आत," ते म्हणाले. "उंबरा जपून. ओला आहे."

दोघांनी मिळून लादी माझ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी श्रीखंड तीनदा मागून घेतले.

उत्तराचा विवाह ठरला. भाऊंना सर्दी झाली, कारण आता मला उघडण्यापूर्वी ते दर वेळी बादली ओतून घेतात.

सज्जनहो, शुद्धीची बादली उचलाल तेव्हा ती प्रथम स्वतःवर रिकामी करा. याहून अधिक मी बोलणार नाही. दार लावून घ्या. गारवा बाहेर जातो आहे.