बिनगाठीचा टाका

"हें कोण शिवलें ग?" अण्णानं काळी बनियन खिडकीशी धरली आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिवली होती. "पाठीच्या मध्यें खिसा! पाठींत कोणी सुपारी ठेवतंय काय?"

मी ब्लाउजला हुक लावत होते. मान वर केली नाही. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ तुकोजी, कुंभकोणमच्या आमच्या दुकानात चाळीस वर्षं मशीनवर बसतो आणि मी त्याच्या मागे बसून काज-बटण, हुक, हातशिलाई करते. दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढणं हा त्याचा देवपूजेइतकाच नेमाचा कार्यक्रम आहे. भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीत शेल्याची कड वाकडी आली आहे, हे तो दर एकादशीला हार घालताना मला दाखवतो.

पण ही बनियन गिऱ्हाइकाची नव्हती, नित्याची होती. नित्या त्याची एकुलती एक मुलगी, वेगवान गोलंदाज. मरीना क्वीन्स नावाच्या संघानं तिला लिलावात घेतलं, त्या दिवशी समोरच्या गोपालकृष्णनं अख्ख्या गल्लीला फुकट कॉफी पाजली होती. आता पोंगलसाठी दोन दिवस ती घरी आली होती, आणि तिच्याबरोबर संघानं दिलेली एक भली मोठी निळी बॅग.

ती बॅगच अण्णाच्या मनाला लागली होती. अलमेलूवहिनी गेली तेव्हा नित्या सात वर्षांची. नवव्या वर्षी तिनं हातात चेंडू धरला, आणि तेव्हापासून तिची प्रत्येक पँट, प्रत्येक शर्ट अण्णानं शिवला. शाळेचा, जिल्ह्याचा, राज्याचासुद्धा. राज्य संघाचे कपडे तयार मिळायचे, पण ती निमूट घरी आणायची आणि हा ते उसवून पुन्हा शिवायचा. या वेळी बॅगेतून अकरा कपडे निघाले, आणि एकालाही काही करायची गरज नव्हती. यंत्रानं मापं घेऊन शिवलेले होते. त्या सकाळी अण्णानं कॉफी अर्धी टाकली, आणि आमच्या घरात कॉफी टाकणं म्हणजे काय ते आम्हांलाच ठाऊक.

म्हणून पाठीवरचा तो खिसा सापडल्यावर त्याचा चेहरा उजळला. मला ते दिसलं, आणि तिथंच माझं चुकलं. मी त्याला अडवायला हवं होतं.

"कंपनीचें माणूस झोपेंत शिवलें," तो म्हणाला. "पळतांना पाठीस टोंचेल. बंद करून टाकूं."

"तिला विचार आधीं, अण्णा. वरती निजली आहे."

"कशास? लहानपणापासून विचारून शिवलों काय?"

बनियनी दोन होत्या. एक त्यानं घेतली, दुसरी माझ्यापुढे टाकली. ताणणाऱ्या कापडाला मशीन नको म्हणून हातानंच साखळी टाका घातला. मी माझ्या सवयीप्रमाणे शेवटी पक्की गाठ मारली. अण्णानं मारली नाही. नित्याच्या कपड्याला तो गाठ मारतच नाही, धाग्याचं टोक नुसतं आत दडवून ठेवतो. पोरगी वेलासारखी वाढायची, दर तीन महिन्यांनी पँट आखूड व्हायची. गाठ नसली की टोक धरून ओढायचं, सगळी शिवण एका झटक्यात सुटते आणि दुमडलेलं कापड मोकळं होतं. पोरगी सहा फुटांजवळ पोचून थांबली, त्याला सहा वर्षं झाली. याची सवय थांबली नाही. "हा काय शिंपीपणा," म्हणून मी त्याला कितीदा चिडवलं असेल.

खिसे असे बंद झाले, की तिथं कधी काही होतं हे सांगूनही कळू नये. नित्या दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेली. जाताना अण्णाच्या, म्हणजे तिच्या अप्पांच्या, पाया पडली आणि मला म्हणाली, "अत्ते, अप्पांस सांग, पहिला सामना शनिवारीं. टीव्हीवर पाहा."

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. दुकानात शेजारच्या दारासुरम गावची एक बाई साडीला फॉल लावून घ्यायला आली होती, तिच्यासमोरच मी स्पीकर लावला.

"अप्पा, त्या बनियनीस तुम्ही काय करलात?"

आवाज रडवेला होता. अण्णा मशीनवरून उठला. "खिसा होता ग बाळ, भलत्या जागीं. बंद करलों."

"त्यांत यंत्र ठेवतात, अप्पा!"

मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते पाठीवर ठेवून पळायचं. कोण किती धावलं, पाठीवर किती ताण आला, ते त्यातून कळतं. नित्याचं पाठीचं हाड मागच्या वर्षी दुखावलं होतं. आजच्या सरावात तिचे आकडे बघूनच तिला शनिवारी खेळवायचं की नाही ते ठरणार होतं. यंत्र नाही तर आकडे नाहीत, आकडे नाहीत तर सामना नाही. वीस मिनिटांत मैदानात उतरायचं होतं. दुसऱ्या कोणाची बनियन मागावी तर ही संघात सगळ्यांत उंच.

"एक मी नखें कापायच्या कात्रीनें उसवाया गेलें, तें फाटलेंच. गांठ इतकी घट्ट! आतां एकच उरली. संघाचें सामान पाहणारे ब्लेड आणाया गेले आहेत."

फाटलेली माझी होती. सुई माझ्या बोटात रुतली तरी मला कळलं नाही. अण्णाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. ज्या पोरीला त्यानं पंधरा वर्षं मैदानावर धाडलं, तिला आज तोच मैदानाबाहेर बसवत होता.

"ब्लेड नको," तो म्हणाला. "ब्लेड लागलें तर कापड जाईल. खालीं बस. मांडीवर घे. बनियन उलटी कर."

"करलें."

अण्णानं डोळे मिटले. रिकाम्या हातांनी हवेत कापड धरलं आणि सुई चालवावी तशी बोटं हलवू लागला. साडीवाली बाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"उजवीकडून सुरू करलों... खालीं आलों... डावीकडे वर. वरचा डावा कोपरा धर. नखानें चाचप. धाग्याचें शेंपूट आहे."

पलीकडून कुणीतरी इंग्रजीत घाई करत होतं. नित्याचा श्वास ऐकू येत होता.

"सांपडलें, अप्पा. इवलेंसें आहे."

"ओढ."

"आणि गांठ? तेंही फाटलें तर?"

"बाळ," अण्णा म्हणाला, "तुज्या कपड्यास मी कधीं गांठ मारलों काय?"

मग सर्रकन एक बारीक आवाज आला, आणि त्यामागून नित्याचं हसू.

"सुटलें! सगळें सुटलें, अप्पा!"

फोन बंद झाला. अण्णा स्टुलावर बसला आणि धोतराच्या सोग्यानं त्यानं डोळे पुसले. मलाही आवरेना. साडीवाली बाईही रडत होती, तिला आमच्या तंजावरी मराठीतलं किती कळलं होतं देव जाणे. दुपारपर्यंत दुकानात कोणी मशीन चालवलं नाही. संध्याकाळी नित्याचा निरोप आला, आकडे चांगले आले.

"यापुढें तिच्या बॅगेस हात लावणार नाहीं," रात्रीचं पान लावताना अण्णा म्हणाला. मी चुन्याची डबी त्याच्यापुढे सरकवली.

शनिवारी संध्याकाळी गोपालकृष्णच्या कॉफीच्या दुकानात टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. अण्णाला मात्र खुर्ची दिली होती. चौथं षटक नित्याला मिळालं. चेंडू घेऊन ती आपल्या खुणेकडे चालत निघाली. कॅमेरा तिच्या मागून होता, आणि निळ्या शर्टावर दोन खांद्यांच्या मध्ये तो उंचवटा स्पष्ट दिसत होता.

गोपालकृष्णनं तमिळमध्ये विचारलं, "पाठीवर ते काय वर आलंय, तुकोजी? शिवण बिघडली की काय? तुम्ही शिवलंत?"

सगळ्यांनी अण्णाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत बिघडलेल्या शिवणीबद्दल कोणी विचारलं आणि अण्णा अर्धा तास बोलला नाही, असं झालं नव्हतं.

"मी नाही, कंपनीनं," अण्णा म्हणाला. "तिथं तसंच लागतं. चांगलं शिवलंय."

पडद्यावर नित्या वळली आणि धावू लागली. अण्णानं चष्मा काढून पुसला आणि घाईघाईनं पुन्हा डोळ्यांवर चढवला.