गेटपास कधी बंद करायचा

लिहिण्यात मी कुणाला हार जाणारी नाही, हे आधीच सांगते. चाकणच्या या कंपनीच्या टाइम ऑफिसात मला बावीस वर्षं झाली. नोटीस बोर्डावरचा कागद माझ्याच हातचा, आणि तो वाचून एकही कामगार ‘कुसुमताई, म्हणजे काय?’ असं विचारायला परत आलेला नाही. ते मेलं कौतुकच मला नडलं.

कंपनीने हजेरीसाठी एआय एजंट आणला. तो बसवायला वाकडच्या सॉफ्टवेअर कंपनीतून दिव्या नावाची मुलगी आली. रजा टाकणं, शिफ्ट बदलणं, गेटपास बंद करणं, अशी कामं एजंट करतो आणि त्या प्रत्येकाला टूल म्हणतात, असं तिने सांगितलं. टूल कधी वापरायचं, कधी नाही, हे तो फक्त आपण लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. गेटपासच्या टूलवर आधी कुणीतरी लिहिलं होतं, ‘योग्य वेळी गेटपास बंद करावा.’ योग्य वेळ म्हणजे काय, कपाळ! एजंट प्रत्येक नावाला मलाच विचारायचा, बंद करू का? मी म्हणायची, थांब. दिवसाला असे तीस-चाळीस प्रश्न.

खरं सांगू? मला ते बरं वाटत होतं. सात दिवस न सांगता गैरहजर राहिलं की पास बंद, हा जुना नियम. एकदा बंद झाला की नव्याने भरती, आणि ती फक्त पस्तिशीच्या आतल्यांची. ठेक्यावरच्या बायकांची रजा ठेकेदाराने सिस्टीममध्ये टाकायची असते, आणि तो फोन उचलेल तर शपथ! मग बायका माझ्याकडे चिठ्ठी देतात. मी म्हणते, “जा बाई, मी बघते.” चिठ्ठी ड्रॉवरमध्ये जाते आणि नाव कामगारांच्या यादीत राहतं. त्या दिवशी ड्रॉवरमध्ये अकरा चिठ्ठ्या होत्या. एक पॅकिंगच्या चतुराबाईची. वय बावन्न, गुडघ्याचं ऑपरेशन, पंधरा दिवस.

आमचे एचआर मॅनेजर उद्धवराव वैतागले. “कुसुमताई, हा विचारतोच फार. मग माणूस काय वाईट होता? आज स्पष्ट लिहून द्या.”

दिव्या माझ्या शेजारी बसली. पोरगी हुशार. तिने नेमकं विचारलं, “ताई, सिस्टीमशिवाय रजा आणखी कुठे असते का? असेल तर लिहायला हवं. वर्णनात नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही.”

समोर उद्धवराव बसले होते. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. हो म्हटलं असतं तर बावीस वर्षांचा नियमभंग टेबलावर आला असता, आणि माझी नोकरीची सहा वर्षं अजून उरली होती. मी म्हटलं, “नाही.” मनात ठरवलं, अकराही रजा आजच आपण टाकून देऊ.

मग मी लिहिलं. ‘सलग सात दिवस हजेरीचा पंच नसेल आणि सिस्टीममध्ये रजाही नसेल, तर गेटपास बंद करावा. रजा असेल तर बंद करू नये. दोन्ही गोष्टी तपासल्यावर कुणालाही विचारण्याची गरज नाही.’

“ताई, इतकं स्वच्छ आमच्या ऑफिसातही कुणी लिहीत नाही,” ते तिथल्या तिथे एजंटला लावत दिव्या म्हणाली. आणि मी निर्लज्जासारखी खूश झाले.

दोघं चहाला गेल्यावर मी रजा टाकायला बसले. सिस्टीम घेईना, ठेकेदाराचं लॉगिन हवं. त्याला फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तोवर स्क्रीनवर नावं खाली खाली सरकू लागली. बंद. बंद. बंद. एकदाही विचारलं नाही त्याने. अकरा नावं एका मिनिटात.

साहेबांना चहानंतर सांगू म्हटलं. मग जेवणानंतर. मग उद्या. असा आठवडा गेला. दुसऱ्या प्लँटलाही माझंच वर्णन लावल्याची मेल आली, त्यात माझं नाव होतं.

सोमवारी गेटवरून वॉचमन रोहिदासचा फोन आला. मी गेले. चतुराबाई काठी टेकून उभी होती, गुडघ्याला पट्टा. पंच केलं की मशीन लाल व्हायचं. ती पुन्हा पुन्हा कार्ड लावत होती. उद्धवरावही नेमके तिथेच.

“ताई, बघा की! आमचा पास चालंना. आमी चिठ्ठी दिली व्हती न्हवं तुमास्नी?”

उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं. “चिठ्ठी? कसली चिठ्ठी, कुसुमताई?”

चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये होती. आणून समोर धरली असती तर कदाचित, कदाचित काही झालं असतं. मग मीच बोलले, मी!

“मला तरी आठवत नाही, साहेब.”

रोहिदास मान खाली घालून तिचं कार्ड काढून घेऊ लागला. वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर सुटले असते मी. तिने कार्ड सोडलं आणि त्यालाच समजावल्यासारखी म्हणाली, “आसंल बाबा. ताई कंदी खोटं न्हाई बोलायच्या. माज्याकडूनच ऱ्हायली आसंल द्यायची.”